सुरुवात तिसऱ्यापासून करा

नाही, मी म्हणते, ही टूम ज्यानं कोणी काढली ना, त्यानं त्या लेखकाचं एक पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नाही. लिहून देते. वाचलं असतं तर 'मोठ्यानं वाचू या, सगळे मिळून हसू या' हे सुचलंच नसतं. लोकांना वाचायचं नसतंच हो, हसायचं असतं — आणि तेही शेजारचा हसतोय ना, हे आधी बघून. बसा ना, उभ्या का? ती खुर्ची नको, ती कधी दगा देईल सांगता येत नाही. ही घ्या. तर वर्षभर तुमचं वाचक मंडळ त्याला वाचणार, दर शनिवारी संध्याकाळी, ह्या पलीकडच्या खोलीत, एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. आणि सुरुवात कुठल्या कादंबरीपासून करायची ते विचारायला तुम्हाला माझ्याकडे पाठवलं. नवीन आहात ना मंडळात? वाटलंच. ग्रंथपालाकडे नेहमी नवं माणूस पाठवतात. जुन्यांना माझं तोंड माहीत आहे.

काय म्हणतात तुमचे अध्यक्ष? पहिल्यापासून क्रमानं? म्हणणारच. दातांचे डॉक्टर ते — समोरचा तोंड उघडं टाकून पडलेला असतो, तोंडात कापूस, आणि हे त्याला साहित्य समजावून सांगतात. इतक्या वर्षांत कोणी उलट बोललेलंच नाही त्यांना. आणि प्राध्यापक? शेवटच्यापासून, कारण त्यात तो 'परिपक्व' झालाय — बरोबर? परिपक्व कसला, नुसता चिडलाय. आठशे पानं चिडलाय. मंत्री आला की शिव्या, ठेकेदार आला की शिव्या, पाऊस आला तरी शिव्या. राग आला की विनोद लंगडतो, हे त्याला कोणी सांगितलं नाही, कारण तोवर तो मोठा झाला होता आणि मोठ्या माणसाला कोण सांगणार? कोणी नाही. दुसरी, ती पुतळ्याची — चौकात पुतळा बसवतात आणि मग हा माणूस नेमका कोण होता हे कुणालाच आठवत नाही — ती चांगली आहे, पण शंभर पानांनंतर त्याला स्वतःलाच कंटाळा आलाय, दिसतो तो.

तिसरी घ्या. माझं ऐका. 'लिफ्ट बंद आहे'. सहा मजल्यांची इमारत, लिफ्ट बंद, दुरुस्तीसाठी समिती, समितीवर देखरेख करायला दुसरी समिती, आणि सहाव्या मजल्यावरची म्हातारी खिडकीतून दोरीनं पिशवी सोडून सगळं घर चालवतेय. शेवटी लिफ्ट सुरू होते तर कोणी आत पाय ठेवत नाही. भीती वाटते! सगळ्यांवर सारखं हसतो त्यात. स्वतःवरसुद्धा — दुसऱ्या मजल्यावर एक लेखक आहे, तो फक्त तक्रारींचे मसुदे लिहितो आणि त्यावर सही करायची वेळ आली की आजारी पडतो. तिथे तो प्रामाणिक आहे. नवा वाचक तिथून आत शिरला की मग बाकीचं सोसतो.

पहिली? पहिली नाहीये. म्हणजे आहे, पण बाइंडिंगला गेलीय. शिवण सुटली होती, पानं निखळत होती. — कधी येईल? आता बाइंडरचं काय सांगणार, एकटा माणूस, खळ वाळते तेव्हा वाळते. — कधी गेली म्हणजे? गेली बरेच दिवस झाले. बरं, वर्षं. झाली असतील दोन-चार. तुम्ही वकील आहात की काय? ... नाही नाही, विचारा, विचारायला हरकत नाही. सवय नाही मला, एवढंच. 'बाइंडिंगला गेलंय' म्हटलं की लोक मान डोलावतात आणि दुसरं काहीतरी नेतात. तुमच्यासारखं 'कधी' कोणी विचारत नाही.

तुम्ही वाचलीय ती? 'साहेब चालले'? — नुसती ऐकलीय. हुंदके हेडक्लार्क? हो, तोच. त्याचं नाव निघालं की हसायलाच येतं, नाही? तुम्हालाही आलं, न वाचता. बघा. ऑफिसातला हेडक्लार्क, साहेबाची बदली झाली की निरोपाचं भाषण करायला उठतो आणि रडतो. दर साहेबाला तेच भाषण, फक्त नाव वेगळं, आणि दर वेळी रडतो. चांगल्या साहेबाला रडतो, छळवाद्या साहेबाला रडतो, लाच खाताना पकडलेल्याला पोलीस घेऊन जातात तर जिन्यात उभा राहून त्यालाही निरोप देतो. 'आपल्या छत्राखाली आम्ही लहानाचे मोठे झालो' — आणि साहेब वयानं त्याच्याहून लहान! आणि मग ते प्रकरण. नवा साहेब येतो. पहिलाच दिवस. स्वागताचं भाषण करायला हुंदके उठतात, चष्मा पुसतात, आणि — 'साहेब, आज आपण आम्हाला सोडून चाललात...' साहेब खुर्चीत बसायच्या आधीच थांबतो, अर्धा वाकलेला, आणि शेजारच्याला विचारतो, 'मी कुठे चाललोय?' — पाठ आहे मला. सगळंच पाठ आहे. 'मी कुठे चाललोय?' अख्खा गाव त्या वाक्यावर वर्षानुवर्षं हसला. अजून हसतो.

माझे वडील आहेत ते.

नाही, तुम्ही कशाला गोऱ्यामोऱ्या होता, तुम्ही थोडंच लिहिलंय? लिहिणारा त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. नवा कारकून होता तेव्हा, घरापासून लांब, आमच्याकडे जेवायला असायचा. आई त्याला वाढताना म्हणायची, हा खातो कमी आणि बघतो जास्त. बघतच होता तो! पुस्तक आलं आणि वर्षभरात अण्णांचं नाव गेलं. नावच गेलं हो माणसाचं. दुकानदार हुंदके म्हणायचे, पोस्टमन 'हुंदक्यांचं घर ना?' म्हणून दार वाजवायचा. शाळेत मी फळ्यापाशी गेले की मागच्या बाकावर कोणीतरी हळूच हुंदका द्यायचं. माझी सोयरीक बघायला आलेल्या माणसांनी चहा घेता घेता विचारलं, तेच का हे, पुस्तकातले? मी आत उठून गेले. मग नाहीच जमलं ते. तेही आणि पुढचंही.

पण ते रडायचे हे खरं होतं. खोटं त्यात काही नव्हतं, हे कोणाला कळलंच नाही. त्यांना माणूस जाणं सोसायचंच नाही, कोणीही असो. भाडेकरू गेला तरी जिन्यात उभे राहायचे. आणि त्या दिवशी — त्या दिवशी सकाळी आईला हॉस्पिटलातून घरी आणलं होतं. बरी झाली म्हणून नाही. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. अण्णांनी तिला खाटेवर नीट निजवलं, उशी सारखी केली, आणि ऑफिसला गेले, कारण नवा साहेब येणार होता आणि भाषण दुसऱ्या कोणाला यायचं नाही. मग उठल्यावर तोंडातून काय निघणार? स्वागत निघणार? तुम्हीच सांगा.

आणि त्या लिहिणाऱ्याला हे माहीत होतं. जिन्यातून वर आणताना स्ट्रेचरची एक बाजू त्यानंच धरली होती. मी बघितलंय, दारात उभी होते. त्याच हातानं त्यानं ते प्रकरण लिहिलं आणि आई त्यात आणली नाही. एक ओळ नाही. एक शब्द नाही. — आणली असती तर? आणली असती तर कोणी हसलं नसतं. सगळ्यांनी च्-च् केलं असतं, आणि अण्णांना ते तर मुळीच... नाही, मी त्याची बाजू घेत नाहीये. तुम्ही अशा बघता आणि मी काहीतरी बोलून जाते. आधी त्यानं बघितलं, आता तुम्ही बघताय.

तर आता कळलं ना का नाही म्हणते? त्या पलीकडच्या खोलीत, खिडकीपाशी, संध्याकाळी अण्णा पेपर वाचायला बसतात. रोज. शनिवारी पण. तुमचे डॉक्टर खड्या आवाजात ते प्रकरण वाचणार, वीस माणसं खो-खो हसणार, आणि त्यातल्या एकालाही ठाऊक नसणार की तो हुंदके कोपऱ्यात पेपरामागे बसलाय. किंवा ठाऊक असेल. तेही असतात काही. अण्णांनी पुस्तकाला हात लावलेला नाही कधी, घरात विषयसुद्धा काढत नाहीत, मीही काढत नाही. म्हणून मी ते बाइंडिंगला पाठवलं आणि परत मागितलंच नाही. एवढीच प्रत आहे गावात, दुकानात मिळत नाही आता. चूक आहे, कळतं मला. पुस्तकं द्यायला बसवलंय, दडवायला नाही. पण अण्णांसाठी — कोणासाठी म्हणजे? अण्णांसाठीच. माझं काय जातंय? मला काय फरक पडतो आता कोणी हुंदक्यांची मुलगी म्हटलं तर? काही नाही. सवय झालीय.

थकवा येतो फक्त. दर माणसाला सांगायचं, तिसऱ्यापासून सुरुवात करा, तिसऱ्यापासून सुरुवात करा. तिसरी चांगली आहे, ते खोटं नाही. जाऊन सांगा मंडळाला — ग्रंथपाल म्हणाल्या, तिसरी. कारण सांगू नका. सांगाल तर प्राध्यापक त्यावर निबंध वाचतील. घ्या ही प्रत, नाव लिहिते तुमचं. आणि मी बोलले ते इथेच सोडून जा, खुर्चीवर ठेवा आणि जा.

थांबा, दारात ते आले बघा, बाइंडरच आले. या, दादा. गठ्ठा बांधून ठेवलाय, तो कपाटाशेजारी. ह्या विचारतायत, आमची ती जुनी कादंबरी अजून झालीच नाही ना हो तुमच्याकडे? सांगा त्यांना, शिवण फारच गेलीय म्हणून.

"झाली की, ताई, कधीच झाली. पण आणू कशी? अण्णा सकाळी फिरायला म्हणून येतात ते माझ्याच दुकानात बसून ती वाचतात, ते नव्या साहेबाचं प्रकरण तर मला आवाज काढून म्हणून दाखवतात आणि हसता हसता डोळे पुसतात. परवा मी म्हटलं, अण्णा, वाईट नाही वाटत? तर म्हणाले, एवढी भाषणं केली, पण शब्द न् शब्द ऐकणारा तो लेखक एकटाच निघाला. — आता शनिवारी हवी असेल तर देतो आणून, पण अण्णांना मी बोललो म्हणू नका हं. ताईला ते पुस्तक सोसत नाही, तिच्यापुढे विषय काढू नकोस, असं त्यांनी बजावलंय मला."