जांभळ्या शाईचा समुद्र

…आणि वर मलाच विचारतो, "अण्णा, मासा गोल शिक्क्यात बसवू का लांबट?" अहो, मासा! मासा म्हणजे काय ग्रामपंचायत आहे का गोल शिक्क्यात बसायला?

तुम्हाला सांगतो, हा कल्लाप्पा म्हणजे मंगळवार पेठेतला रबरी शिक्क्यांचा बादशहा. जिल्ह्यातल्या निम्म्या सरपंचांचे, चेअरमनांचे, दूध संस्थांच्या सेक्रेटऱ्यांचे शिक्के याच्या दुकानातून गेले. त्याला मी माझ्या हातानं कागदावर काढून दिलं होतं… एक मासा, एक शंख, एक होडी, एक लाट. बस्स! यात न कळण्यासारखं काय आहे? आणायला गेलो तर माशाभोवती दुहेरी गोल रेघ, वर चांदणी, खाली चांदणी, आणि कडेनं अक्षरं, 'कोल्हापूर, जि. कोल्हापूर'! मी म्हटलं, "कल्लाप्पा, हे काय?" तर शांतपणे म्हणतो, "अण्णा, उद्या कुणी इचारलं मासा कुठला, तर? कायतरी पत्ता नको?"

पत्ता! माशाला!

मी भांडलो. भांडणारच की! उभं आयुष्य बातमीदारी केली, मंत्र्यांशी भांडलो, कारखान्यांशी भांडलो, स्वतःच्या संपादकाशी तर रोज भांडलो, मग कल्लाप्पाशी भांडायला काय भीती? तेव्हा त्यानं तो गोल-लांबटचा प्रश्न काढला. म्हटलं, लांबट कर बाबा, पण नुसता मासा कर. दुसऱ्या खेपेला मासा नुसता आला… पण खाली ठिपक्या-ठिपक्यांची रेघ! म्हटलं, ही कशाला? तर म्हणतो, "सहीला जागा ठेवली की! नुसत्या शिक्क्याला कोण भाव देतंय, अण्णा? शिक्का मारला की खाली सही पायजेच."

आणि निघताना सहज विचारतो, "वैनींचा हात काय म्हणतोय?"

मी गार. याला कुणी सांगितलं? मी तर एका माणसाला बोललो नव्हतो!

थांबा, तुम्हाला मुळातून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला या वयात मासे-शंख कशाला पाहिजेत. आमचं घर जैनांचं, उंबऱ्याच्या आत कधी अंडं आलं नाही, मासा तर लांबच… आणि आज माझ्या खिशात मासा! तर आमचा श्रेयस, एकुलता एक, बोटीवर इंजिनियर आहे. मालवाहू बोट. ज्या गावात पोहायचं ते रंकाळ्यात बघून-बघून आणि पंचगंगेत भिऊन-भिऊन, त्या गावातला पोरगा समुद्रावर गेला. तेव्हापासून त्याच्या वाढदिवसाला त्याची आई, म्हणजे आमच्या दीपाबाई, हातानं कार्ड करणार. समुद्राचंच. निळ्या पेनानं लाटा, आत चार ओळी, खाली 'आई'. छापील कार्ड तिला चालत नाही. म्हणते, "छापलेलं प्रेम दुकानात ठेवा." बाई शिक्षिका. नोकरी सुटल्यावर पेठेतल्या बायकांना घरी बसवून लिहायला शिकवायची. अंगठा उठवणाऱ्या किती बायका तिनं सहीवर आणल्या, विचारा! आमच्याकडं भांडी घासायला येणारी बायडाबाई, ती बँकेत जाऊन अशी ऐटीत सही करते की मॅनेजर खुर्चीतून उठतो.

आणि त्या बाईचा… काय सांगू… त्या बाईचाच उजवा हात गेला. उन्हाळ्यात, सकाळी पूजेचं ताट हातातून सुटलं. अर्धांगाचा हलका झटका म्हणाले. बोलणं वाचलं, पाय सावरला, हात तेवढा रुसून बसला.

आता हे श्रेयसला सांगायचं? पोरगा भर समुद्रात, उठून येता येत नाही, तिथं बसून जीव जाळणार. मी ठरवलं, सांगायचं नाही. आणि गंमत बघा, त्याच आठवड्यात श्रेयसचा मला मेसेज, 'बाबा, बोट तांबड्या समुद्राकडं निघालीय. आईला सांगू नका.' तांबडा समुद्र! जिथं बोटींवर ड्रोन, क्षेपणास्त्रं, काय-काय येऊन पडतंय ते रोज पेपरात येतंय! मी दीपाला सांगितलं, बोट सिंगापूरला आहे. आईचं लेकाला सांगायचं नाही, लेकाचं आईला सांगायचं नाही, आणि दोन्हींच्या मधे मी. बातम्या दाबणाऱ्यांच्या नावानं ज्यानं आयुष्यभर बोंब मारली, तो मी, स्वतःच्या घरात दोन-दोन बातम्या दाबून बसलोय!

आणि घरात पेपर येतो. बंद करू? पेपरवाल्याच्या घरात पेपर बंद झाला तर बाई दुसऱ्या मिनिटाला ओळखणार. मग मी काय केलं… सकाळी दीपाच्या आधी उठायचं, कात्री घ्यायची, बोटीची बातमी दिसली की कापायची आणि पेपर घडी घालून तिच्यापुढं ठेवायचा. एकदा तिनं विचारलं, "अहो, पेपराला भोक कसलं?" म्हटलं, "कार्डाला कागद पाहिजे ना तुझ्या? रंगीत चित्र होतं." ती म्हणाली, "बरं." बघा! सुटलो की नाही?

तर कार्ड. वाढदिवस जवळ आला आणि बाईंनी जाहीर केलं, "कार्ड मीच करणार." कुठल्या हातानं? तेव्हा ती व्यायाम घ्यायला येणारी पोरगी, संयोगिता, ती म्हणाली, "काका, शिक्के द्या त्यांना! पकडायचा, शाईत दाबायचा, कागदावर दाबायचा, उचलायचा. कार्डाचं कार्ड, व्यायामाचा व्यायाम! ऑनलाइन मिळतात, समुद्राचा अख्खा सेट, शाईसकट." मी उसळलो. म्हटलं, अहो, ज्या गावात कल्लाप्पा आहे त्या गावानं मासे बाहेरनं मागवायचे? संयोगिता म्हणते, "काका, कोल्हापुरात समुद्र मिळत नाही." म्हटलं, "आणून दाखवतो!"

बोललो खरा. पण तुम्हीच सांगा, कोल्हापुरात समुद्र आणायचा कुठनं?

शिक्के आले तसे आले. आता शाई. कल्लाप्पाकडं जांभळी. म्हटलं, निळी दे. "निळी हाय की, पण टिकायची न्हाय. जांभळी बघा, सात-बाऱ्यावर मारल्याली जांभळी. माणूस जातोय, जमीन जाती, शिक्का ऱ्हातोय." मी पेठ पालथी घातली. एकाकडं निळी होती ती वाळून खडखडीत, दुसरा म्हणतो हिरवी घ्या, तिसरा म्हणतो, "पावणं, समुद्र कुणी बघितलाय हितं? मारा की जांभळा!" झाला जांभळा समुद्र.

टेबलावर पांढरे कागद मांडले. दीपानं डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरलं, शिक्का उचलला, शाईत बुडवला… आणि हात असा थरथरतोय, असा थरथरतोय, की मी कागद दाबून धरून बसलोय. धाप्पकन मारला. मासा आडवा! पोट वर! म्हटलं, "मेला गं हा." ती म्हणाली, "झोपलाय. पुढचा द्या." दुसरा मासा अर्धा कागदावर, अर्धा माझ्या धोतरावर. शंख ठीक. लाट म्हणजे पावसाळ्यातलं गटार. आणि मग होडी. मारली… आणि होडी उलटी! शीड खाली, बूड वर!

तुम्हाला सांगतो, सकाळीच कापलेली बातमी माझ्या खिशात होती. मी ते कार्ड झटक्यात ओढलं, चुरगाळलं. दीपा माझ्याकडं बघतच राहिली. "अहो, होडी उलटी पडली तर पडली. रबराची आहे. दुसरी मारू की." दुसरी मारू की! बाथरूममध्ये गेलो, नळ सोडला, आणि नळाकडं बघत उभा राहिलो. एवढाच आमचा समुद्र. कोल्हापुरात समुद्र आणायचा कुठनं?

बरेच कागद वाया गेले. शेवटी एक कार्ड जमलं. मासे तिरके, पण जिवंत. होडी सरळ. राहिली सही. त्या ठिपक्यांच्या रेघेवर 'आई'. संयोगिता म्हणाली, "काकू, लिहायला त्रास होत असेल तर अंगठा उठवा! अंगठ्याचा मासा होतो, शेपटी काका काढतील. इतका गोड दिसतो!" आणि मी… मी गाढव! मी म्हटलं, "वा, छान कल्पना!"

दीपाची मान वर झाली. आजारी पडल्यापासून बाईनं आवाज चढवला नव्हता हो. त्या दिवशी चढवला! "अंगठा? मी? सगळ्या पेठेचा अंगठा पुसला मी, आणि माझ्या लेकाला अंगठा उठवून पाठवू? ती बायडाबाई काय म्हणेल?" तिकडनं मोरीतून बायडाबाई भांड्यांच्या आवाजावर आवाज काढून ओरडली, "बाई, आजाबात उठवायचा न्हाय! मला तुमी छडी दावल्याली, इसारला व्हय?" मी म्हटलं, "बरं, मी करतो सही, तुझं अक्षर मला येतं." तर म्हणते, "खोटी सही? तुम्ही? बातमीदार ना तुम्ही?"

मी पेन तिच्यापुढं ठेवलं.

मग तिनं पेन घेतलं. बायडाबाई हात पुसत येऊन शेजारी उभी. "बाई, घाई करू नगा. आदी दांडा, मग काना… मला जसं शिकवलासा तसं." 'आ' काढला, तो काना पार खाली घसरत माशाच्या शेपटीपर्यंत गेला. 'ई' म्हणजे… असो. वाचता येत होतं. बाई घामानं भिजली होती. बायडाबाईनं पदरानं तिचं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "दादा, च्या टाका की वाईच, नुसतं उभं काय ऱ्हायलाय?" स्वतःच्या घरात मला चहा टाकायला लावला!

कार्ड न्यायला सम्राट आला. पेठ वडगावचा पोरगा, तांबड्या समुद्रावरच्या जेद्दा बंदरात श्रेयसच्याच बोटीवर रुजू व्हायला निघालेला. मी त्याला जिन्यातच गाठलं. म्हटलं, "हे बघ, आत सिंगापूर म्हणायचं. जेद्दा हा शब्द काढायचा नाही. आणि बोटीवर काकूंच्या हाताचं काढायचं नाही. कळलं?" पोरगं गोंधळलं. "पर काका…" म्हटलं, पर नाही नि बीर नाही!

आत आलो. दीपानं कार्ड पाकिटात घालून त्याच्या हातात दिलं, डोक्यावरून हात फिरवला… उजवा, डाव्यानं धरून… आणि म्हणते, "सम्राट, जेद्दात फार गरम असतं बाळा, पाणी पीत जा. आणि श्रेयसला सांग, उजव्या हातानं लिहिलंय. पैज आई जिंकली. आता सुट्टीत भांडी तू घासायची."

मी सम्राटकडं बघतोय. सम्राट छताकडं बघतोय.

"जेद्दा तुला कुणी सांगितलं?" म्हटलं. "श्रेयसनं." "आणि हात त्याला कुणी सांगितला?" "मीच. तुम्ही फिरायला जाता ना, तेव्हा बायडाबाई व्हिडिओ लावून देते." बायडाबाई मोरीतून, "रोज न्हाय, नेटवर्क घावंल तसं!" "आणि तांबड्या समुद्राचं तुला कधीपासून…?"

तर काय म्हणाली असेल? म्हणाली, "अहो, पोरगा सगळं थोडंच सांगतो! बाकीचं तुम्हीच सांगितलंत. तुम्ही पेपराला भोक पाडलंत, की मी शेजारच्या त्रिशलाकडनं तोच पेपर मागवायची आणि भोकातलं तेवढं वाचायची. नाहीतर एवढा पेपर वाचायला वेळ कुणाला आहे? तुमच्या भोकामुळं नेमकी बातमी सापडायची बघा."

ऐकलंत? उभ्या आयुष्यात पहिल्या पानावर माझ्या किती बातम्या आल्या, बाईनं एक पुरी वाचली नाही. आणि मी कापलेली एकूण एक वाचली! त्रिशलावहिनींना माहीत, बायडाबाईला माहीत, कल्लाप्पाला माहीत… अख्ख्या पेठेला माहीत, आणि बातमीदार नळ सोडून बाथरूममध्ये उभा!

त्या रात्री मी म्हटलं, "भीती नाही वाटत तुला?" ती म्हणाली, "वाटते की. तुम्ही कात्री शोधायला उठता ना पहाटे, तेव्हा जागीच असते मी. पण तुम्हाला कशाला सांगू? तुम्ही आधीच एवढे घाबरलेले." आणि कूस बदलून झोपली. म्हणजे डोळे मिटले.

परवा सम्राटचा फोन आला, पोचला म्हणून. जेद्दात थांबलाय, बोट यायची आहे. रोज विचारतो, तर आज येईल म्हणतो, कालही आज येईल म्हणाला होता.

आणि आज सकाळी मला जरा उशिरा जाग आली. बघतो तर दीपा माझ्या आधी उठलेली, चहा झालेला, पेपर घडी घालून माझ्यापुढं ठेवलेला. उघडला… तर आतल्या पानाला हे एवढं भोक! वाकडंतिकडं, कडा कुरतडल्यासारख्या. मी कात्रीकडं बघितलं, तिच्या उजव्या हाताकडं बघितलं. अंगठ्यावर कात्रीचा लाल वळ. म्हटलं, "दीपा, हे काय?"

चहाचा कप माझ्याकडं सरकवत म्हणाली, "काही नाही. कार्डाला कागद पाहिजे होता."

आता आनंद मानू का काळजी करू, तुम्हीच सांगा! हात कात्री चालवायला लागला म्हणून पेढे वाटू, का… जाऊ दे. सरका जरा, वाट द्या. त्रिशलावहिनींकडं जाऊन येतो. पेपर मागायला.