पुसलेला चेहरा

जुनी पुस्तकं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात माझ्या शेजारी एक आजी-आजोबा बसले होते. आजोबांच्या मांडीवर पाचशे वर्षांपूर्वीची, हाताने लिहिलेली, सोनेरी चित्रांची प्रार्थनापोथी होती.

"सगळं पान झळकतंय आणि नेमका या संताचाच चेहरा गेलाय. पुन्हा रंगवून घेतो."

"अहो, कुणीतरी रोज मुके घेऊन घेऊन पुसलाय तो."

"काहीतरीच! मुक्यांनी कधी रंग जातो होय?"

"जातो तर! आपला भिंतीवरचा लग्नाचा फोटो बघा, अजून कसा कोरा करकरीत आहे."

"अगं, हळू बोल. लोक ऐकताहेत."

"ऐकू देत की."

"बोला आजोबा, काय दुरुस्त करायचंय?" दुकानदाराने विचारलं.

"पोथी राहू द्या हो. लग्नाच्या फोटोवरची काच काढून देता का?"