खांद्याखालचा उजेड

तुम्ही लिहून घेणार असाल तर सर्वांत आधी हे लिहा की माझा गुडघा कुस्तीत गेलेला नाही. गावात कोणालाही विचारा, तो सांगेल की मुठ्याच्या साहेबरावाने जत्रेत ढाक मारून वस्तादांना पाडलं आणि तेव्हापासून ते लंगडतात. साफ खोटं आहे. ती कुस्ती बरोबरीत सुटली होती आणि मी आखाड्यातून स्वतःच्या पायांनी चालत घरी आलो होतो, वाटेत कोणाचा हात धरला नाही की कोणाच्या खांद्यावर भार टाकला नाही. गुडघा झिजला तो डोंगराच्या उतारावरून भाताचे भारे वाहून, तालमीत बैठका काढून, आणि माणूस म्हातारा होतो म्हणून. ज्याला यापेक्षा सुरस कारण हवं असेल त्याने ते आपल्या घरी सांगावं.

माझा जन्म मुळशीतलाच. वडील शेती करीत आणि गावच्या तालमीची माती राखीत. ताक, तेल, हळद घालून ती माती ते अशी मळीत की पडणाऱ्याला पडल्याचं दुःख होऊ नये. मी त्या मातीत रांगलो, त्याच मातीत वस्ताद झालो आणि पुढे पंच झालो. माझ्या वस्तादांची शिकवण अशी होती की पंचाने नेहमी शुद्ध बोलावं, कारण तो गावच्या बोलीत बोलू लागला की लगेच कोणाच्या तरी भावकीतला वाटू लागतो. ती सवय अंगात मुरली ती मुरलीच. आमची ही आत बसून ऐकते आहे, ती म्हणेल, अवो, तुमी तर च्या मागताना सुदिक निकाल दिल्यागत बोलता. म्हणू द्या.

आता पंचाला गुडघा कशाला लागतो हे तुम्हाला समजावून सांगितलं पाहिजे, कारण माझ्या मुलालाही ते समजलेलं नाही. जत्रेत सुरुवातीला रेवड्यांच्या बक्षिसावर लहान मुलांच्या कुस्त्या होतात आणि शेवटी मोठी जोड लागते. त्या जोडीचे हात हातात धरून आखाड्याला फेरी मारायची, पैलवान लोकांना दाखवायचे, हे कोणालाही जमेल, एखाद्या पुढाऱ्यालाही जमेल. खरं काम त्यानंतर आहे. खालचा पैलवान मान मातीत रोवून अंग उचलून धरतो, वरचा दाबत असतो, हलगी कडाडत असते, लोक झाली झाली म्हणून ओरडत असतात, आणि त्या गदारोळात दोन्ही खांदे मातीला लागले की नाही हे पाहायचं असतं. ते उभ्याने दिसत नाही. गुडघे टेकून, गाल मातीजवळ नेऊन, खांद्याखालून पलीकडचा उजेड दिसतो का ते पाहावं लागतं. उजेड दिसला तर कुस्ती चालू. नाही दिसला तर चीत.

गेल्या जत्रेत ताम्हिणीचा दत्ता, जेसीबी चालवणारा जवान पैलवान, आमच्या गावच्या गड्याखाली आला. मी वाकलो. मांड्यांवर हात ठेवून जितकं वाकता येईल तितकं वाकलो आणि शिट्टी वाजवली. चीत. आखाड्याच्या कडेला खाली बसलेला साहेबराव ओरडला, उजेड व्हता वस्ताद, उजेड व्हता! दत्ता उठला आणि लोकांकडे पाठ करून उभा राहिला. एका खांद्यावर माती होती आणि दुसरा खांदा कोरा होता. घामाने माती गळते, हे कोणालाही ठाऊक आहे. तरी तेव्हापासून पौडच्या चहाच्या टपरीपर्यंत एकच बोलणं, की वस्तादांचा गुडघा वाकत नाही म्हणून पोराची कुस्ती गेली. मी निकाल दिला होता, गुडघ्याने दिला नव्हता. पण काय सांगू तुम्हाला, तेव्हापासून मला एका जागी स्वस्थ बसवत नाही.

मुलगा सुभाष हिंजवडीच्या कंपन्यांची बस चालवतो. त्याने मोबाईलवर एक जाहिरात दाखवली, की आपलंच रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं, वर येणारं पिवळं पाणी सुईने गुडघ्यात सोडायचं, म्हणजे झिजलेली कूर्चा परत उगवते. मी म्हणालो, उगवते? पेरणी आहे का? तो म्हणाला, आबा, तुमी सुईला भ्याला. हेही लिहून घ्या, की मी सुईला भ्यालो नाही. ज्याचा कान तालमीत फुटून फुलकोबीसारखा झाला तो सुईला भिणार आहे का? मला पुरावा हवा होता, आणि जाहिरात देणारा स्वतःच्याच कुस्तीचा पंच असतो.

म्हणून जाहिरातवाल्याकडे न जाता पुण्यात हाडांच्या एका डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि दाखवलं की डाव्या गुडघ्यात दोन हाडांमध्ये अजून फट आहे, उजव्यात ती बुजली आहे, हाड हाडावर बसलं आहे. मी म्हणालो, म्हणजे उजवा चीत आणि डाव्याची कुस्ती चालू. त्या हसल्या, पण पुढचं त्यांनी न हसता सांगितलं. जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो, या सुईने नवी कूर्चा उगवते असं मी तुम्हाला सांगणार नाही. डाव्यात दुखणं काही महिने कमी होऊ शकेल, होईलच असं नाही. उजव्याला फारसा उपयोग नाही. मूळ पेशींच्या नावाखाली जे विकलं जातं ते अजून सिद्ध झालेलं नाही, त्याच्या नादाला लागू नका. उजव्याचा सांधा बदलला तर चालणं सुधारेल, पण गुडघा टेकून जमिनीवर बसणं बहुतेकांना जमत नाही. मग मला त्यांनी विचारलं, बाबा, तुम्हाला गुडघा नक्की कशासाठी हवाय? मी म्हणालो, टेकायला. त्या म्हणाल्या, सगळे चालायला मागतात, तुम्हीच पहिले.

सुभाष परतताना म्हणाला, मग झालं की, डाव्यात घेऊन टाका. पण साहेबरावाने दोन्ही गुडघ्यांत ती सुई घेतली होती आणि आता मी बैठका काढतो असं तो खोऱ्यात सांगत फिरत होता. डॉक्टर बाई म्हणतात उगवत नाही, साहेबराव म्हणतो नवा झाला. पंचाने ऐकीव गोष्टीवर निकाल द्यायचा नसतो. मी सुभाषला गाडी काढायला लावली आणि थेट मुठ्याला गेलो.

साहेबराव ओसरीवर बसला होता. या वस्ताद, म्हणाला, हरल्याली माणसं लई उशिरा येत्यात. मी म्हणालो, बरोबरीत सुटली होती. तो म्हणाला, व्हय व्हय, तुमच्याकडनं बरोबरीत, माझ्याकडनं ढाक. हे बघा, गुडगं नवं कोरं! आणि त्याने धोतर वर करून मांडीवर थाप मारली. मी म्हणालो, मग माझ्यासमोर एक बैठक काढ.

तो उतरला. छाती पुढे, हात पुढे, देखणा उतरला, हे मी मान्य करतो. पण खाली गेला आणि तिथेच राहिला. तोंड लाल झालं, हात हवेत चाचपडू लागले. मी म्हणालो, ऊठ. तो म्हणाला, उटतो की, घाई हाय व्हय तुमाला? मी हात दिला, त्याने तो सगळा भार घालून ओढला, माझा उजवा गुडघा कच खाऊन गेला आणि आम्ही दोघेही ओसरीच्या फरशीवर आडवे झालो. तो अर्धा पाठीवर, मी कुशीवर. त्याची बायको दारात येऊन म्हणाली, अगं बाई, दोन पैलवान आन् दोन्ही चीत!

आता यावरून गावात जी गोष्ट फिरते आहे, की म्हातारे ओसरीवर कुस्ती खेळले आणि साहेबरावाने मला पुन्हा पाडलं, ती खोटी आहे. आम्ही कुस्ती खेळलो नाही. जे खरं घडलं ते असं. माझा गाल फरशीला लागलेला होता आणि समोर साहेबरावाचा खांदा होता. दारातून, उभ्याने पाहणाऱ्या त्या माउलीला तो टेकलेला दिसत होता. मला मात्र त्याच्या खाली अंगणातला उजेड दिसत होता. हात सरकवता आला असता इतका उजेड. मी पडल्या पडल्याच म्हणालो, वहिनी, चीत नाही, उजेड आहे.

साहेबराव वर छताकडे पाहत होता. म्हणाला, मग गेल्या साली दत्ताच्या खांद्याखाली बी असंल की.

मी सुभाषला हाक मारली. सुभाष आला, त्याने एकेकाला उचलून भिंतीला टेकवून बसवलं. चहा झाला. मग बशी खाली ठेवून साहेबराव आपणहून बोलला, की खरं सांगतो वस्ताद, सुईनं बरं वाटतंय, पायऱ्या चढतुया, रातच्याला झोप लागतीया, पर बैठक न्हाई. आन् लोकांम्होरं कसं सांगावं, की पैलवानाला जिना चढता येतुया म्हणून तो खूश हाय? मी म्हणालो, हे आधी सांगितलं असतंस तर मी एवढ्या लांब येऊन तुझी फरशी पुसली नसती. तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

निकाल मी बदललेला नाही. पंचाचा निकाल बदलत नाही, नाहीतर उद्या प्रत्येक जण आपली पाठ दाखवत दारात उभा राहील. पण यापुढे उभ्याने निकाल देणार नाही, हे त्या फरशीवरच ठरलं. उद्या डाव्या गुडघ्यात सुई घेणार आहे. नवा होईल म्हणून नाही, एकदा टेकला तर पुरे म्हणून. सुईआधी वेदनेच्या गोळ्या बंद करायला लावल्या आहेत, म्हणून तर तुम्ही आल्यापासून मी उठतो, ओसरीला फेरी मारतो, पुन्हा बसतो. बसलो की गुडघा ठणकतो, उभा राहिलो की कळ येते. आमची ही म्हणते, गप पडा की जरा. पडलो की उजेड दिसतो, हे तिला कसं सांगू?

काल ताम्हिणीला दत्ताला फोन केला. म्हणालो, जत्रेला ये, शेवटची जोड तुझी. मला टेकता आलं तर निकाल मी देईन, नाही आलं तर शिट्टी साहेबरावाच्या हातात देईन आणि तो देईल तो निकाल मला मान्य असेल. पलीकडे जेसीबीचा आवाज चालू होता.  मग यंत्र बंद झालं आणि तो म्हणाला, येतो वस्ताद. पर गाल मातीला लागल्याबिगर शिट्टी तोंडात घालायची न्हाई.

असं माझ्याशी आजवर कोणी बोललेलं नाही. मी म्हणालो, मान्य. आणि बाळा, मान रोवून धर, सोडू नकोस, मी खाली येईपर्यंत धर.

उठतो आता. फार वेळ बसवत नाही.