टेकडीवरून दिसलेली वीटभट्टी

प्रसूतिगृहाच्या बाकावर दोन व्याही नातवंडाची वाट बघत होते. एकेकाळी दोघे एकाच सशस्त्र टोळीत होते. मुलाचे वडील म्होरके, मुलीचे वडील त्यांच्या हाताखाली. समोर बसलेला, बाप होऊ घातलेला तरुण स्वतःची काळजी विसरून ऐकत होता.

“व्याहीबुवा, आपल्यातला खबऱ्या मी पकडलाच होता. प्रत्येकाला हल्ल्याची वेगळी जागा सांगितली. पोलीस ज्याच्या जागी येतील, त्याला गोळी.”

“मग, दादा?”

“आले की! टेकडीवरून मी एकट्याने बघितलं. पण ती जागा कुणाला सांगितली होती, तेच आठवेना.”

“लिहून नव्हतं ठेवलंत?”

“काही लिहायचं नाही, हा नियम माझाच!”

“बरं झालं. नाहीतर त्या वीटभट्टीपायी एखादा हकनाक...”

“वीटभट्टी? मी नाव कुठे घेतलं?”

“...इथे फार उकडतंय, नाही?”

“पंखा चालू आहे, व्याहीबुवा.”

दार उघडलं. “आजोबा कोण? मुलगी झाली! दोघी सुखरूप!”

म्होरक्यांनी घामाघूम व्याह्यांना कडकडून मिठी मारली.

“नाव... नाव काय ठेवायचं, दादा?”

“ठरवलंय मी. पण तुम्हाला सांगितलं, तर आईच्या आधी पोलिसांना कळेल!”