ओफेलियाची शेपूट

खट्! बस, एवढाच आवाज, फाटकाच्या कडीचा. लग्न नवीन होतं, मी पहाटे ट्रक सुरू करायचो, आणि मागं ओफेलिया फाटक ओढून कडी घालायची, खट्! तुम्हाला सांगतो, तो आवाज कानात घेऊन मी पार बोलिव्हियाच्या सीमेपर्यंत जायचो. डोळा लागायला लागला की तो आठवायचा, वाटायचं, चला, घर जागेवर आहे, बाई जागेवर आहे, आपण जागं राहू. आणि आता ही मिर्ना, आमच्या लानूस शहरात केस कापायच्या दुकानाच्या वर बसणारी ज्योतिषीण, ती मला काय सांगते? "डॉन एवारिस्तो, तो घराचा आवाज नव्हताच. तो शेपटीचा आवाज होता!"

शेपटीचा! अहो, कडीला शेपूट असते? मांजराला असते, घोड्याला असते, पतंगाला असते म्हणा... कडीला?

सुरुवात झाली वाढदिवसापासून. पूर्वी बायका एकमेकींना शाल द्यायच्या, वासाचा साबण द्यायच्या. आता काय देतात? जन्मपत्रिका! ओफेलियाच्या मैत्रिणींनी मिळून तिला मिर्नाकडे पाठवलं. बाई गेली ती वेगळी, आली ती वेगळी. पर्स टेबलावर टाकली आणि म्हणते, "म्हाताऱ्या, चंद्राला दोन गाठी असतात."

म्हटलं, "कुठल्या चंद्राला? मी उभा जन्म चंद्राखालून ट्रक हाकला, मला एक गाठ दिसली नाही!"

"त्या दिसत नाहीत रे. चंद्राची वाट आणि सूर्याची वाट जिथं एकमेकींना छेदतात ना, त्या दोन जागा. तिथं काही नसतं."

काही नसतं! ऐकलंत? ग्रह नाही, तारा नाही, एक साधा दगड नाही, आणि त्या नसलेल्या जागेनं माझा संसार उठवायचा! तर म्हणे उत्तरेची गाठ म्हणजे अजगराचं डोकं आणि दक्षिणेची म्हणजे त्याची शेपूट. डोकं म्हणजे ज्याची भूक आहे ते, जिथं जिवानं जायचं ते. आणि शेपूट म्हणजे मागच्या जन्मापासून ओढत आणलेलं, सवयीचं, सोयीचं, ज्यात माणूस म्हशीसारखा लोळत राहतो आणि पुढं सरकत नाही. ओफेलियाची शेपूट कर्केत. कर्क म्हणजे घर, चूल, आणि दुसऱ्याची वाट बघणं. डोकं मकरेत. मकर म्हणजे मिर्नाच्या पुस्तकात मगर नव्हे, कडा चढणारा बोकड. म्हणजे काय? म्हणजे बाईनं घर सोडायचं आणि डोंगर चढायचा!

आणि मी कोण? तर शेपूट!

मी रागावलो नाही. मी रागावत नाही कधी, कुणालाही विचारा. मी फक्त खुर्ची जरा जोरात सरकवली. म्हटलं, "अगं, मी पाहिलेत ते डोंगर! तिकडे सीमेजवळ, खुहुईच्या वर धूळ आहे, वारा आहे, आणि पंक्चर झालं तर हाक मारायला कुत्रं नाही. काय बघायचंय तिथं?"

तर ती शांतपणे म्हणाली, "तू पाहिलेस. मी फक्त तुझ्या बुटांना लागून आलेली धूळ झाडली."

मी तडक मिर्नाकडे गेलो भांडायला. वर उदबत्तीचा धूर असा की मला वाटलं क्लच जळतोय. मिर्ना आवाजात साखर घालून म्हणते, "बसा ना. जन्मवेळ काय आपली?"

"आई सांगायची, गाईंची धार काढायची वेळ होती."

"पहाटेची की संध्याकाळची?"

"गाईंना विचारा!"

हसली. काहीतरी आकडे मांडले, आणि एकदम टाळी वाजवली. "अगं बाई! तुम्ही ओफेलियापेक्षा नऊ वर्षांनी मोठे, नाही का? या गाठी साडेअठरा वर्षांत एक फेरा मारतात. नऊ म्हणजे अर्धा फेरा, म्हणजे तुमचं बरोब्बर उलटं! तिची शेपूट तिथं तुमचं डोकं, तुमची शेपूट तिथं तिचं डोकं. रस्ते, डोंगर, बाहेरचं जग, हे तुम्ही मागून घेऊन आलात. तुमच्या जिवाला जायचं होतं घराकडे. तिच्या जिवाला निघायचं होतं घरातून. वाटेत तेवढी गाठ पडली तुमची."

मी म्हटलं, "बाई, मग मी आलोय ना घरी! ट्रक विकला, परसात टोमॅटो लावले, सकाळी पाव मी आणतो, कुठल्या कपाटात कुठली वाटी ते आत्ता कुठं कळायला लागलंय मला. मी आत पाय टाकला आणि ही बाहेर निघाली?"

"हो," मिर्ना डोळे मिटून म्हणाली, "किती सुंदर आहे, नाही?"

सुंदर! पुढून येणारा ट्रक आपल्या अंगावर येतो तेव्हा तोही सुंदरच दिसत असेल, लांबून बघणाऱ्याला!

घरी आलो तर ओफेलिया पाठपिशवी भरत होती. जाड मोजे, लोकरीची टोपी, माझी जुनी विजेरी. माझी! मी दारात उभा राहिलो. बोलायची सवय नाही मला, ट्रकमध्ये कुणाशी बोलणार, पण म्हटलं, "मी तुझी शेपूट असेन, ओफे. पण माझं डोकं म्हणजे घर, आणि घर म्हणजे तू. तू गेलीस की मी काय करायचं?"

ती स्वेटरची घडी घालत होती. म्हणाली, "इतकी वर्षं घर मी होते. आता जरा तू हो."

"परत येशील ना?"

स्वेटरची घडी मोडली, पुन्हा घातली. तुम्हाला सांगतो, उभ्या आयुष्यात मला त्या एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं, आणि ते ना चंद्राकडे, ना मिर्नाकडे, ना बायकोकडे!

आणि बसथांब्यावर पिशवी उचलून नेली कुणी? या शेपटीनं! थर्मास कुणी नेला? शेपटीनंच! बस लागायला वेळ होता, आम्ही बाकावर बसलो, मी माते, म्हणजे आमचा तो कडू पाल्याचा चहा, ओतायला घेतला. मातेचं आमच्याकडे कसं आहे, भांडं एक, नळी एक, ओतणारा एक, पाळीपाळीनं प्यायचं आणि भांडं गुपचूप परत द्यायचं. 'आभारी आहे' म्हटलं की संपलं. त्याचा अर्थ, पुरे, आता मला नको. एखादा नवा जावई सभ्यपणा दाखवायला पहिल्याच भांड्याला आभार मानतो आणि मग सगळे पीत असताना बिचारा कोरडा बसतो!

तर मी ओतलं. थोडं पाणी बाकावर सांडलं. ती प्यायली, सावकाश, नळी सूं सूं वाजेपर्यंत. मी तिच्या ओठांकडे बघत होतो. आता म्हणेल... आता म्हणेल... बसचं दार उघडलं. तिनं रिकामं भांडं माझ्या हातात दिलं, पाठपिशवी खांद्यावर चढवली, आणि एक शब्द न बोलता बसकडे चालू लागली.

म्हणजे तिची पाळी अजून बाकी आहे! म्हणजे पाणी गरम ठेवायला हवं! आणि ते ठेवत बसणार कोण?

शेपूट!