निळ्या टोपणाची नळी

रक्त तपासायच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं. आजोबांना दुसऱ्यांदा बोलावलं होतं.

"पुन्हा सुई? काल घेतलेलं रक्त सांडलं की काय?"

"सांडलं नाही हो. तुमच्या प्लेटलेट्स फारच कमी आल्या, म्हणून."

"तरीच रात्रभर तुझा डोळा लागला नाही."

"मी झोपले होते."

"घोरत नव्हतीस."

"मी कधी घोरते? ऐका आधी. लॅबवाल्या ताई म्हणाल्या, कमी नसतीलही. कालच्या नळीतल्या औषधाने कुणाकुणाच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात. मग मशीन अख्ख्या घोळक्याला एकच धरतं. म्हणून आज निळ्या टोपणाच्या नळीत घेणार, आणि काचेवर पसरून डोळ्यांनीही बघणार."

"म्हणजे आहेत सगळ्या, नुसत्या बिलगून बसल्यात?"

"तसंच असू दे बाई."

"मग रडतेस कशाला?"

"कुठे रडतेय?"

"बरं, नाही रडत. हात तरी सोड, सुई टोचायचीय त्यात."

"दुसऱ्या हाताला टोचतील."

लॅबवाल्या ताईंनी दारातून हाक मारली, "आजोबा, चला. आत एकानेच यायचं हं."

"आम्हा दोघांना एकच धरा की, ताई. तुमचं मशीन धरतं तसं."