हार घातलेला मीटर

रामकृष्णहरी! मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि मला एक सांगा — विश्वास कोणावर टाकावा? ज्याचं नाव मोठं त्याच्यावर, की ज्याला कुणी ओळखत नाही त्याच्यावर? काय म्हणता, आजोबा? मोठ्या नावावर? बरं! ऐका तर मग!

शेलवडीत महिपती नावाचा मांडववाला. मांडव घालायचा, दिवे-माईक लावायचे. बायको शेवंता बरोबरीनं वायरी ओढणारी. महिपतीनं शहरातून वीज तपासायचा मीटर आणला — नावाजलेल्या कंपनीचा, चांगला महागाचा! शेवंतानं मागितला, तर म्हणे, "तू तुझा वेगळा घे!" घेतला तिनं! आठवडी बाजारात, ताडपत्रीवर, चाळण्यांच्या शेजारी पडलेला! कंपनी कोणती? देवाला ठाऊक!

महिपती हसला. "अगं, हा खेळण्यातला आहे!"

शेवंतालाही त्याची खात्री नव्हतीच. म्हणून ती काय करायची? कामाला निघताना मीटरची दोन टोकं आधी घरच्या चालू प्लगात घालायची. "काय रे बाबा, आज खरं बोलणार ना?" आकडा आला, की मगच मीटर पिशवीत! आणि महिपतीचा? तो कंपनीचा हो! त्याला कोण विचारणार? त्याची तर पूजा!

खंडेनवमीला महिपतीनं अवजारं मांडली. पकड, हातोडा, मधोमध मीटर! हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचा हार — आणि वरून भक्तिभावानं पळीभर पाणी! हसताय काय? तुमच्या घरच्या टीव्हीला कुंकू आहे की नाही? आहे ना!

पुढं कार्तिकात देवळापुढं त्यांचाच मांडव, आणि कीर्तन कुणाचं? माझंच! दुपारी बायकांनी सडा घातला, जमीन ओलीगच्च. रांगोळी काढता काढता गोदाआत्याचा हात लोखंडी खांबाला लागला, तशी ती ओरडली — "अगं बाई! मुंग्या आल्या हाताला!"

महिपतीनं मीटरचं एक टोक खांबाला लावलं, दुसरं ओल्या जमिनीत खोचलं. आकडा शून्य! "आत्या, काही नाही. वय झालं तुमचं!" आत्या ऐकेना. तसा हा गडी चप्पल काढून बाही सरसावतो — "हा बघा, मिठी मारून दाखवतो!"

"अहो, थांबा!" शेवंता धावत आली. तिचा मीटर खांबाला लावला. आकडा सरसर दोनशेच्या वर!

आता सांगा! मोठं नाव म्हणतंय, धर खांब. बिननावाचं म्हणतंय, मरशील! कुणाचं ऐकाल?

महिपती चिडला. "तुझ्या खेळण्याचं ऐकून लोकांत शोभा करून घेऊ?"

"माझं नका ऐकू," शेवंता म्हणाली. "तो पंखा फिरतोय ना? त्याच्या शेजारच्या प्लगात दोन्ही मीटर लावू."

तिचा लावला — आकडा! त्याचा लावला — शून्य! वर पंखा गरगर फिरतोय, आणि कंपनीचा मीटर म्हणतोय, वीजच नाही! अहो, पूजेच्या पळीतलं पाणी मीटरच्या वायर खोचायच्या भोकात गेलं होतं. आत गंज! कंपनीचा काय दोष? तिनं मीटर दिला होता, आपण देव केला!

महिपतीनं सरसावलेली बाही खाली केली, चप्पल पायात घातली. मेन स्विच शेवंतानंच पाडला. खांबाखाली चेमटलेली वायर निघाली, उघडी पडलेली. संध्याकाळी त्याच खांबाला धरून पोरं गिरक्या घेणार होती, मंडळी!

महिपतीनं सगळ्यांदेखत हात जोडले. "शेवंते, तुझ्यामुळं आज आहे मी. पुढच्या खंडेनवमीला पूजा तुझी!"

"नको गं बाई!" ती डोळे पुसत हसली. "माझ्यावर पण पाणी ओताल!"

महिपतीनं मीटर दुरुस्त करून आणला. आजही तोच वापरतो, चांगलाच आहे! पण आता तोही रोज आधी प्लगात. या मांडवाचा खांब न् खांब दोघांनी तपासलाय, म्हणून मी निर्धास्त उभा आहे. शेवंताबाई, मागं लपू नका, हे दोन्ही हात तुम्हालाच जोडलेत!

आणि मंडळी, तुम्हालाही कुणीतरी कधी "थांबा" म्हटलं असेल. आई असेल, बायको असेल, शेजारी असेल. राग आला होता ना? आज घरी जाऊन त्या माणसाला हात जोडा. देव रागावणार नाही, त्यानंच पाठवलं होतं!

राहता राहिलो मी. आल्या आल्या हार घातलात, पाया पडलात. पण विचारलंत का कुणी — महाराज, आज खरं बोलणार ना? विचारत जा, बाबांनो! आत गंज चढला असेल, तर मला तरी कसं कळायचं?

घ्या टाळ हातात. म्हणा — विठ्ठल, विठ्ठल!